फर्मी पृष्ठाचा आकार आणि अवस्थांचा पीळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवते. तांब्याच्या अणूमागे एक मुक्त इलेक्ट्रॉन आणि ॲल्युमिनियमच्या अणूमागे तीन, असे आम्ही वर्गात सांगतो. मग विद्यार्थी विचारतात, की ॲल्युमिनियममध्ये इलेक्ट्रॉन अधिक असताना तांबेच सरस वाहक कसे? याचे उत्तर ‘फर्मी पृष्ठा’त असल्याचे वाचनात आले, परंतु हे पृष्ठ धातूत नेमके कोठे असते? — एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : विद्यार्थ्यांची शंका रास्त आहे. एक घनमीटर ॲल्युमिनियममध्ये तांब्याच्या दुपटीहून अधिक मुक्त इलेक्ट्रॉन असतात, आणि तरीही त्याची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून थोडी अधिकच भरते. घोटाळा होतो तो ‘सगळे इलेक्ट्रॉन मिळून वीज वाहून नेतात’ या समजुतीमुळे.

फर्मी पृष्ठ धातूच्या तुकड्यात कोठेही दाखवता येणार नाही, कारण ते आपल्या लांबी-रुंदी-उंचीच्या अवकाशात नसून संवेगाच्या अवकाशात असते. स्फटिकातील इलेक्ट्रॉनाची प्रत्येक अवस्था एका संवेगाने ओळखली जाते. एका अवस्थेत दोनाहून अधिक इलेक्ट्रॉन मावत नाहीत, म्हणून ते कमी ऊर्जेच्या अवस्थांपासून भरत जातात, आणि भरलेल्या व रिकाम्या अवस्थांमधली जी सीमा उरते तिला फर्मी पृष्ठ म्हणतात. विद्युतक्षेत्र लावले की हा भरलेला प्रदेश सबंध किंचित सरकतो, पण त्यामुळे खरा फरक पडतो तो फक्त कडेला. आतल्या इलेक्ट्रॉनांना आजूबाजूच्या सर्व जागा भरलेल्या असल्यामुळे हालचालीला वावच नसतो. म्हणून वाहकता ठरते ती इलेक्ट्रॉनांच्या एकूण संख्येवरून नव्हे, तर फर्मी पृष्ठाचे क्षेत्रफळ आणि त्या पृष्ठावरचा इलेक्ट्रॉन दोन टकरींच्या दरम्यान किती अंतर कापतो, या दोहोंवरून. तांब्यात सामान्य तापमानाला हे अंतर सुमारे ४० नॅनोमीटर असते, तर ॲल्युमिनियममध्ये सुमारे १९. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रॉनांचा अणूंच्या जालकाच्या कंपनांशी संबंध अधिक घट्ट असतो, म्हणून त्यांच्या टकरी वारंवार होतात. (याच घट्ट संबंधामुळे ॲल्युमिनियम १.२ केल्व्हिनच्या खाली अतिवाहक होते. तांबे मात्र आजवर गाठलेल्या नीचांकी तापमानालाही अतिवाहक झालेले नाही. उत्तम वाहक आणि अतिवाहक ही एकाच गुणाची चढती भाजणी नव्हे, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.)

वेगाचे आकडेही मुलांना जरूर द्यावेत. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असताना इलेक्ट्रॉनांचा सरासरी सरकण्याचा वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटर इतका क्षुल्लक असतो. पण फर्मी पृष्ठावरच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा स्वतःचा वेग सेकंदाला सुमारे सोळाशे किलोमीटर असतो. त्या वेगाची दिशा पृष्ठाला लंब असते, आणि आकाराचे महत्त्व येथूनच सुरू होते. पृष्ठ जेथे चपटे असेल तेथे अनेक इलेक्ट्रॉन एकाच दिशेने धावतात. ते जेथे वळते तेथे दिशाही वळतात.

तांब्याचे फर्मी पृष्ठ अगदी गोल नाही. त्याच्या गोलाकार ‘पोटा’ला आठ दिशांना आठ ‘माना’ फुटलेल्या आहेत आणि त्या संवेगाच्या अवकाशात पुनःपुन्हा येणाऱ्या शेजारच्या प्रतिकृतींना जाऊन मिळतात. हा आकार पिपर्ड यांनी १९५७ मध्ये प्रयोगांतून काढला. तो इतक्या नेमकेपणाने तपासता येतो याचे श्रेय नेदरलँड्समधील लायडनमध्ये १९३० साली लागलेल्या एका शोधाकडे जाते. अतिशीत बिस्मथवर चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले असता त्याचे चुंबकन लाटांसारखे वरखाली होते, असे द हास आणि व्हॅन आल्फेन यांना आढळले. या लाटांची वारंवारता फर्मी पृष्ठाच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात असते, हे ऑनसेगर यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. मानेच्या दिशेने क्षेत्र लावले की तांब्यात दोन लाटा एकावर एक चढलेल्या दिसतात, एक पोटाची आणि एक मानेची, आणि त्यांच्या वारंवारतांचे गुणोत्तर सुमारे २७ येते. म्हणजे मानेच्या छेदाचे क्षेत्रफळ पोटाच्या छेदाच्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतके आहे. संवेगाच्या अवकाशातल्या, डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या आकाराचे माप चुंबक आणि थंडी यांच्या साहाय्याने घेता येते, ही गोष्ट मला आजही पदार्थविज्ञानातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी वाटते.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हॉल परिणामाचा प्रयोग जर्मेनियमच्या तुकड्यावर करतात आणि आलेख सरळ रेषेत येतो. सरांच्या सूचनेवरून आम्ही निकेलचा पातळ पत्रा वापरून पाहिला. आलेख सुमारे ०.६ टेस्लापर्यंत झपाट्याने चढला आणि मग जवळजवळ आडवा झाला. जोडणी पुनःपुन्हा तपासली, तरी तेच. यात चूक कोणाची? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : चूक कोणाचीच नाही, उलट काही मायक्रोव्होल्टचा संकेत आपण नीट पकडलात. जिला आपण चूक समजत आहात ती ‘अनियमित हॉल परिणाम’ या नावाने ओळखली जाते, आणि ती जवळजवळ हॉल परिणामाइतकीच जुनी आहे. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सोन्याच्या वर्खावर मूळ प्रयोग केला. चुंबकीय क्षेत्र धारेतल्या कणांना एका कडेला ढकलते आणि त्यामुळे धारेला आडवे विभवांतर निर्माण होते, हा त्याचा आशय. दोनच वर्षांत त्यांनी नोंदवले, की लोखंडासारख्या चुंबकीय धातूत हा परिणाम सुमारे दसपट मोठा असतो. लोहचुंबकात आडवे विभवांतर बाहेरच्या क्षेत्रापेक्षा पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकनाच्या मागे अधिक जाते. निकेलचे चुंबकन पत्र्याला लंब असलेल्या क्षेत्रात सुमारे ०.६ टेस्लाला संपृक्त होते, म्हणून आपला आलेख नेमका तेथेच वाकला. त्याचा आडवा भाग पट्टीने मागे वाढवून शून्य क्षेत्राच्या अक्षाला जेथे छेदेल, तेवढे विभवांतर चुंबकनाचे. उरलेला मंद चढ नेहमीच्या हॉल परिणामाचा.

आता कारण. चुंबकनापासून इलेक्ट्रॉनाला आडवा धक्का मिळतो तरी कसा? धातूच्या आतले चुंबकीय क्षेत्र या कामाला पुरेसे नसते. १९५४ मध्ये कार्प्लुस आणि लटिंजर यांनी मांडले, की हा धक्का बाहेरून येतच नाही. तो इलेक्ट्रॉनाच्या अवस्थांच्या रचनेत असतो. स्फटिकातील इलेक्ट्रॉनाचा वेग म्हणजे ऊर्जेचा संवेगानुसार होणारा बदल, एवढेच आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. त्यांनी त्या वेगात आणखी एक पद दाखवून दिले, जे विद्युतक्षेत्राला काटकोनात असते. त्या काळी हे फार जणांना पटले नाही. स्मिट यांनी १९५० च्या दशकात अशुद्धींवरून इलेक्ट्रॉन तिरपे उडतात असे कारण दिले. पुढे बर्जर यांनी प्रत्येक टकरीत इलेक्ट्रॉन थोडा बाजूला सरकतो असे सुचवले. आणि हा वाद कित्येक दशके चालला.

कार्प्लुस आणि लटिंजर यांच्या पदाचा खरा अर्थ उलगडला तो ब्रिस्टलच्या मायकेल बेरी यांच्या १९८४ च्या कामानंतर. पुंज अवस्थेला कला असते, म्हणजे तिच्या लाटेचा टप्पा. इलेक्ट्रॉनाचा संवेग एका बंद वाटेने सावकाश फिरवून मूळ जागी आणला, तर ऊर्जा, संवेग सगळे पहिल्यासारखे होते, पण कलेत मात्र थोडी जास्तीची भर पडलेली असू शकते, आणि ती भर किती वेळ लागला यावर नव्हे तर वाटेने कोणते क्षेत्र वेढले यावर अवलंबून असते. अशा एका अगदी चिमुकल्या फेरीत दर एकक क्षेत्रफळामागे जमणारी कला म्हणजे बेरी वक्रता. (प्रकाशाच्या ध्रुवणात याच जातीची कला बंगळूरच्या शिवरामकृष्णन पंचरत्नम् यांनी १९५६ मध्येच दाखवली होती, आणि बेरी यांनी ते पुढे जाहीरपणे मान्य केले. आपल्याकडच्या पुस्तकांत हे नाव जितके यायला हवे तितके येत नाही.) ही वक्रता संवेगाच्या अवकाशात चुंबकीय क्षेत्रासारखी वागते: विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनाचा संवेग बदलू लागले की वक्रता त्याला बाजूला वळवते. फर्मी पृष्ठाचा आकार सांगतो कोणत्या अवस्था भरलेल्या आहेत. त्या अवस्था एकमेकींच्या तुलनेत कशा वळलेल्या आहेत ते वक्रता सांगते. धारा या दोन्ही भूमितींना उत्तर देते, आणि दुसरीचे उत्तर बहुधा आडव्या विभवांतरात ऐकू येते.

वक्रता सर्वत्र सारखी पसरलेली नसते. दोन ऊर्जापट्ट (इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांचे सलग पट्टे) जेथे जवळजवळ स्पर्श करतात आणि इलेक्ट्रॉनाचे परिवलन व कक्षीय गती यांच्यातील जोडणीमुळे त्यांच्यामध्ये लहानशी फट पडते, तेथे ती एकदम उसळते, कारण ती फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. लोखंडाचे गणित २००४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा असे दिसले, की बहुतेक अवकाश सपाट आणि मोजक्या जागी उंच सुळके. ते निसटू नयेत म्हणून संवेगाच्या अवकाशात लाखो बिंदूंवर गणना करावी लागली. आडव्या वाहकतेचे उत्तर आले दर ओहम-सेंटिमीटरला सुमारे ७५०, तर लोखंडाच्या पातळ थरांवर मोजलेले मूल्य सुमारे १,०००. पन्नास वर्षे बाजूला पडलेल्या कल्पनेसाठी हे चांगलेच यश म्हणायचे.

निकेलने मात्र या मंडळींना असे सुख दिलेले नाही. नेहमीच्या पद्धतीने केलेले गणित कमी तापमानाला मोजलेल्या मूल्याच्या सुमारे दुप्पट आकडा देते, कारण निकेलमधील इलेक्ट्रॉन एकमेकांवर जो प्रभाव टाकतात तो त्या पद्धतीत पुरेसा येत नाही, आणि पट्ट किंचित जरी सरकले तरी सुळके फर्मी पृष्ठाच्या आत किंवा बाहेर जातात. तेव्हा आपला पत्रा जपून ठेवावा. त्याने विचारलेला प्रश्न साधा नाही.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून विज्ञानाची आवड आहे. पुंज हॉल परिणामात रोध २५,८१२.८०७ ओहम येतो आणि तो कोणत्याही नमुन्यावर, कोठेही मोजला तरी तोच येतो, असे वाचले. नमुना अशुद्ध असतानाही दशांश चिन्हापुढचे आकडे कसे हलत नाहीत? यातून ‘रोधाशिवाय वीज’ मिळेल, या वृत्तपत्रातील दाव्यात कितपत तथ्य आहे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये ग्रेनोबल येथे सिलिकॉनच्या एका ट्रान्झिस्टरवर १८ टेस्ला क्षेत्रात आणि १.५ केल्व्हिन तापमानाला हे पाहिले. क्षेत्र स्थिर ठेवून ट्रान्झिस्टरच्या द्वारावरचे (गेटवरचे) विभवांतर बदलत नेले, तेव्हा आडवा रोध सलग बदलण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांनी बदलत होता, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे मूल्य प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनाच्या प्रभाराचा वर्ग, भागिले एक पूर्णांक, इतके येत होते. हा पूर्णांक कोठून येतो, ते १९८२ मध्ये थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी सांगितले. मागच्या उत्तरातली बेरी वक्रता येथे पुन्हा कामी येते. (गंमत अशी, की त्यांचा निबंध बेरी यांच्या आधीचा आहे, तीच राशी त्यांनी वेगळ्या वाटेने गाठली.) स्फटिकाच्या संवेगाच्या अवकाशाची डावी कड म्हणजेच उजवी कड आणि वरची कड म्हणजेच खालची, म्हणून ते अवकाश स्वतःतच बंद होते. एखादा पट्ट पूर्ण भरलेला असला, की फर्मी पृष्ठ उरतच नाही आणि बेरीज साऱ्या बंद अवकाशावरच्या वक्रतेची करावी लागते. दोरीची दोन टोके जोडून घेतल्यावर तिच्यात पीळ पूर्णच भरावे लागतात, अर्धा-पाव पीळ घेऊन टोके जुळत नाहीत. तसेच या बेरजेचे. ती पूर्णांकच येते.

नमुन्यातल्या अशुद्धी वक्रता इकडची तिकडे करतात, पण बेरीज एका पूर्णांकावरून दुसऱ्यावर न्यायची तर पट्टांमधली फट मिटवावी लागते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हेकेखोर माणसाबद्दल वापरतो. येथे ती कौतुकाने वापरायला हरकत नाही. किंबहुना अशुद्धी नसत्या तर पायऱ्या इतक्या रुंद दिसल्याच नसत्या, कारण त्या काही इलेक्ट्रॉनांना एका जागी अडकवून ठेवतात, आणि त्यामुळे क्षेत्र थोडे बदलले तरी पायरी टिकते. ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर) आणि गॅलियम आर्सेनाइड या सर्वस्वी भिन्न पदार्थांवर घेतलेली मापे दहा अब्जांत एकाहूनही कमी फरकाने जुळली आहेत. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनाचा प्रभार यांची मूल्ये व्याख्येनेच निश्चित झाल्यामुळे आपण लिहिलेला आकडाही आता अचूक ठरला आहे.

‘रोधाशिवाय वीज’ याबद्दल माझे मत सावध आहे. बाहेरच्या क्षेत्राविना असा परिणाम शक्य आहे, हे हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये कागदावर दाखवले, आणि २०१३ मध्ये चीनमधील संशोधकांनी क्रोमियम मिसळलेल्या बिस्मथ-अँटिमनी टेल्यूराइडच्या पातळ थरात तो प्रत्यक्ष मिळवला. परंतु तापमान होते ०.०३ केल्व्हिन, आणि धारेच्या दिशेतला रोध त्या पहिल्या नमुन्यात शून्य झाला नव्हता. तो त्या पूर्णांकी रोधाच्या दहाव्या हिश्श्याइतका उरला होता. पुढील नमुन्यांत तो खूप खाली आला, हे खरे. तरी एक गोष्ट बातम्यांतून नेहमी सुटते. कडेने जाणारी धारा वाटेत ऊर्जा गमावत नाही, मात्र अशा एका मार्गाच्या दोन टोकांना तारा जोडून रोध मोजला तर तो तेच २५,८१२ ओहम येतो आणि उष्णता जोडांपाशी बाहेर पडते. घरातल्या वायरीची जागा हे पदार्थ घेणार नाहीत. मापनशास्त्राला मात्र त्यांनी आधीच समृद्ध केले आहे.

प्रश्न : एका शोधनिबंधात लाटांच्या आलेखावरून ‘बेरी कला पाय (π) आहे’ असा निष्कर्ष काढलेला आहे. तो कसा काढतात? — एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पहिल्या उत्तरातल्या ऑनसेगर यांच्या लाटाच येथे वापरतात, फक्त चुंबकनाऐवजी रोधाच्या. लाटांच्या अंतरावरून फर्मी पृष्ठाच्या छेदाचे क्षेत्रफळ मिळते. त्यांना क्रमांक देऊन क्षेत्राच्या व्यस्त मूल्यासमोर मांडले आणि रेषा मागे वाढवली, की ती अक्षाला जेथे छेदते त्यावरून कला मिळते. म्हणजे एकाच आलेखाचा चढ आकार सांगतो आणि छेद वक्रतेची बेरीज. ग्राफीनमध्ये २००५ साली मँचेस्टर आणि कोलंबिया येथील गटांनी लाटा अर्ध्या पावलाने सरकलेल्या दाखवल्या, तो पुरावा भक्कम होता, कारण पुंज हॉल पायऱ्याही त्याच अर्ध्या पावलाने सरकल्या होत्या. केवळ चार-पाच लाटांवरून रेषा दूरवर वाढवून काढलेल्या निष्कर्षांवर मात्र मी फारसा विसंबणार नाही. परिवलनाची चुंबकीय ऊर्जा किंवा पट्टाचा थोडासा बाक एवढ्यानेही छेद सरकतो.

प्रश्न : पदार्थ अचुंबकीय असेल तर एका संवेगाची वक्रता विरुद्ध संवेगाच्या वक्रतेला नेमकी खोडून काढते. मग अशा पदार्थांत या भूमितीला काही काम उरते का? — एक संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : उरते, पण ते वाकड्या वाटेने शोधावे लागते. बेरीज शून्य असली तरी वाटणी असमान असू शकते. धारा वाहू लागली, की भरलेला प्रदेश एका बाजूला सरकतो आणि एका बाजूची वक्रता दुसरीपेक्षा अधिक मोजली जाते. परिणामी आडवे विभवांतर धारेच्या वर्गानुसार वाढते. सोडेमान आणि फू यांनी २०१५ मध्ये हे मांडले आणि टंगस्टन डायटेल्यूराइडच्या अगदी पातळ थरांत ते लवकरच दिसले. प्रयोगात प्रत्यावर्ती धारा सोडतात आणि आडवे विभवांतर तिच्या दुप्पट वारंवारतेला ऐकतात. धारेच्या दोन्ही जोडण्या उलट केल्या तरी संकेताचे चिन्ह बदलत नाही, ही त्याची खूण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंदार देशमुख यांच्या गटाने २०२२ मध्ये या संकेताचा फार चतुर उपयोग केला. द्विस्तरीय ग्राफीनच्या दोन पापुद्र्यांमध्ये थोडा कोन ठेवून त्यांनी ते एकमेकांवर ठेवले आणि लंब दिशेच्या विद्युतक्षेत्राने पट्टांमधली फट मिटवून पुन्हा उघडली. त्या वेळी पट्टांचा पूर्णांक बदलतो, आणि दुप्पट वारंवारतेच्या संकेतावरून काढलेल्या वक्रतेच्या असमानतेने आपले चिन्ह बदलून त्याची साक्ष दिली.

वक्रता अजिबात नसली तरी भूमिती संपत नाही. शेजारच्या दोन अवस्था एकमेकींपासून किती भिन्न आहेत, हे अंतर मोजणारी आणखी एक राशी असते. तिला पुंज मापक म्हणता येईल. २०१८ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. येथे ग्राफीनचे दोन थर सुमारे १.१ अंशाने फिरवून ठेवले असता ते १.७ केल्व्हिनला अतिवाहक झाले. त्यांचे पट्ट इतके सपाट असतात, की ऊर्जेच्या चढावरून काढलेला वेग जवळजवळ शून्य येतो. जुन्या सूत्राप्रमाणे तेथे अतिधारा (रोधाविना वाहणारी धारा) फारच दुबळी असायला हवी. फिनलंडमध्ये पेओत्ता आणि त्योर्मा यांनी २०१५ मध्येच दाखवले होते, की सपाट पट्टातही पुंज मापक अतिधारेला आधार देतो. फिरवलेल्या ग्राफीनच्या अतिधारेचा ताठरपणा मोजणारे प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तो जुन्या सूत्राच्या कित्येक पट भरला. त्यात पुंज मापकाचा वाटा किती आणि इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रभावाचा किती, हे वेगळे करण्याचे काम आता चालू आहे; आपल्याला विषय निवडायचा असेल तर तो येथे आहे.